चारशे तेरावी छत्री

दादा शनिवारी दुपारच्या गाडीने आले, आणि रविवारी सकाळी साडेसातला भाऊंनी त्यांना उन्हात बाहेर काढलं.

खरं तर दादांना कुठेही जायचं नव्हतं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, बायको जाऊन आठ महिने झालेले, आदल्या दिवशी बारा तास गाडीत बसून आलेला. त्यांना गॅलरीतल्या खुर्चीत बसून सावकाश पेपर वाचायचा होता. पण भाऊंच्या हातात यादी होती, आणि हातात यादी असली की धाकटा भाऊ असूनही भाऊ कोणाचं ऐकत नसत.

यादीमागचं कारण असं. दादांनी आपल्या गावातल्या ज्येष्ठांच्या निवासात एक खोली बघून ठेवली होती आणि गुरुवारपर्यंत तिथे होकार कळवायचा होता. इकडे भाऊंनी आणि काकूंनी (काकू म्हणजे भाऊंच्या पत्नी, पण सगळी इमारत त्यांना काकूच म्हणते) मागची खोली रिकामी करून, रंगवून, पडदे लावून तयार ठेवली होती. दादांनी आता एकटं राहू नये, इथेच यावं, कायमचं यावं, असं दोघांच्याही मनात होतं. अडचण एवढीच, की हे दादांना सांगायचं कसं? भाऊंच्या घराण्यात मनातलं बोलायची पद्धतच नव्हती. वडील गेले तेव्हा या दोघा भावांनी एकमेकांना धीर दिला तो तासभर हवामानावर बोलून.

"सरळ सांगा ना, इथेच राहा म्हणून," काकू म्हणाल्या होत्या.

"असं सरळ कसं सांगतात?" भाऊ म्हणाले. काकूंनी कपाळाला हात लावला.

मग वरच्या मजल्यावरच्या कॅप्टननी तोडगा काढला. कॅप्टननी जन्मात जहाज चालवलेलं नव्हतं. ते फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत पस्तीस वर्षं बसले होते, पण खिडकी समुद्राकडे तोंड करून असल्यामुळे सल्ला देताना दूर क्षितिजाकडे बघायची सवय त्यांना लागली होती. "आग्रह केला की माणूस पळतो, भाऊ," समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे रोखून बघत ते म्हणाले. "गाव दाखवा त्यांना. गावानेच धरून ठेवलं पाहिजे. पण समुद्र दाखवू नका हं. समुद्र काय, कुणीही दाखवेल. काहीतरी जगावेगळं दाखवा!"

जगावेगळं म्हटल्यावर भाऊंची छाती दोन इंच फुगली. कारण या शहरात जगावेगळं काय काय आहे त्याची नोंदवही एकतीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होती. नगरपालिकेत 'उल्लेखनीय सार्वजनिक वस्तू' नावाचं एक टेबल होतं. खातं म्हणावं इतकं ते मोठं नव्हतं, पण त्या टेबलावर भाऊ होते. दर वर्षअखेरीला जुन्या वहीतल्या दोनशे चौदा नोंदी नव्या वहीत उतरवायच्या आणि शेवटच्या रकान्यात 'स्थिती : जैसे थे' असं लिहायचं, हे त्यांचं काम. अक्षर मोत्यासारखं. एकतीस वर्षांत एक खाडाखोड नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी तर या गोष्टीचा दोनदा उल्लेख केला होता. वस्तू प्रत्यक्ष बघायला जायचा योग मात्र कधी आला नाही. टेबल सोडून गेल्यावर वही कोणी सांभाळायची?

दादा याच्या बरोब्बर उलट. ते वजनमापे निरीक्षक होते. किलो म्हणजे खरोखर किलो आहे ना, आणि मीटर म्हणजे मीटर, एवढं बघण्यासाठी त्यांनी उभी हयात दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी खिशात मोजायची टेप असायचीच. भाजी घेतानासुद्धा ते तराजूच्या काट्याकडे असं बघत की भाजीवाला आपण होऊन दोन टोमॅटो वर टाकी.

तर असे हे दोघे भाऊ टॅक्सीने जुन्या बाजारातल्या मनोऱ्यापाशी उतरले. नोंद क्रमांक तीन : मनोऱ्यावरचं उलट चालणारं घड्याळ, नग एक.

"आता फक्त बघ," भाऊ म्हणाले. "काटे उलटे फिरतात. जगात दुसरं नसेल असं."

दोघे माना वर करून उभे राहिले. मोठा काटा दहावरून अकरावर आला. अकरावरून बारावर आला. डोळ्यांत ऊन जाऊन भाऊंना आता काटे चार दिसायला लागले होते, पण चारही एकाच बाजूला चालले होते.

"उलट म्हणजे कुठल्या बाजूने?" दादांनी शांतपणे विचारलं.

मनोऱ्याखाली एक चष्मेवाला बसला होता. त्याने खुलासा केला. "उलटं? ते केव्हाच सरळ केलं की हो! सतरा वर्षं झाली. तक्रारी यायच्या फार."

"पण लोक बघायला यायचे ना?"

"यायचे. पण वेळेवर परत जायचे नाहीत."

भाऊंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. त्या सतरांपैकी पहिली बारा वर्षं त्यांनी स्वतः 'उलट चालणारं, जैसे थे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. त्यांना एकदम तहान लागली. दादांनी तेवढ्यात मनगटावरच्या घड्याळाशी मनोऱ्याची वेळ ताडून पाहिली होती. "सात मिनिटं मागे आहे," ते म्हणाले.

"म्हणजे थोडं तरी उलट आहेच की," भाऊ म्हणाले.

नोंद क्रमांक एकोणीस : शहरातली सर्वांत अरुंद गल्ली, रुंदी अठरा इंच. गल्ली होती. भाऊंचा जीव भांड्यात पडला. दादांनी टेप काढून मोजली तर भरली बावीस इंच. गल्ली वाढते कशी, यावर दोघांनी थोडा विचार केला आणि मग एकामागून एक आत शिरले. बरोबर मध्यावर समोरून खांद्यावर गुंडाळलेली गादी घेतलेला हमाल आला.

"मागे व्हा," हमाल म्हणाला.

"आम्ही आधी आलोय," भाऊ म्हणाले.

"माझ्यामागून कपाट येतंय."

कपाटापुढे काय बोलणार? दोघे पाठमोरे मागे सरकू लागले. भाऊ कुठल्याशा खिळ्याला अडकले, शर्टाचं बटण तुटून पडलं, आणि वरच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "अहो, पोट आत घ्या पोट!"

"आतच आहे!" भाऊ ओरडले. आयुष्यात प्रथमच ते रस्त्यावर ओरडले असतील. बाहेर आल्यावर त्यांना फार वाईट वाटलं, पोटाचं नव्हे, ओरडल्याचं.

त्यानंतर समुद्राकडे पाठ फिरवून उभा असलेला खलाशाचा पुतळा बघायचा होता. चौथरा सापडला, पण वर खलाशी नव्हता. भाऊंनी चौथऱ्याला दोन प्रदक्षिणा घातल्या, जणू तो मागे लपून बसला असेल. "गेला असेल समुद्राकडे," दादा म्हणाले. एवढं उन्हातान्हात हिंडून दादा चेष्टा करतायत की चिडलेत, हे भाऊंना काही केल्या कळेना.

म्हणून हरवलेल्या छत्र्यांचं संग्रहालय जागेवर दिसलं तेव्हा भाऊंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. पाटी होती, दार होतं, दार उघडं होतं. या शहरात छत्री लागते ती उन्हासाठी. सकाळी माणूस छत्री घेऊन निघतो, संध्याकाळी ऊन उतरलं की ती बसमध्ये विसरतो, आणि अशा छत्र्या कुणा हौशी अधिकाऱ्याने काचेच्या कपाटांत लावून ठेवल्या होत्या. वहीप्रमाणे नग चारशे बारा.

दाराशी बसलेला रखवालदार म्हणाला, "कधी हरवली?"

"हरवली नाही. आम्ही बघायला आलोय."

"बघायला?" रखवालदार उठून उभाच राहिला. "नुसतं?" मग त्याने दादांच्या हातातल्या छत्रीकडे बोट दाखवलं. "ती इथे टेबलावर ठेवा. आत छत्री न्यायला मनाई आहे."

ती लांब, काळी, लाकडी मुठीची छत्री होती. मुठीला निळा दोरा गच्च गुंडाळलेला होता. दादांनी ती टेबलावर ठेवली आणि बिल्ला मागितला. बिल्ले फक्त पिशव्यांना, असं उत्तर मिळालं.

आत मात्र दादा रमले. प्रत्येक छत्रीखाली एक चिठ्ठी होती. 'हिरवी, एक काडी मोडलेली, बस क्रमांक नऊ, मागची सीट.' 'लहान मुलाची, दवाखान्याचा बाक.' दादा चष्मा पुसून एकेक चिठ्ठी वाचत होते, मधूनच "अरे, ही बघ," म्हणत होते. अर्धा तास गेला. भाऊंना वाटलं, जमलं! गावाने धरलं! कॅप्टनला जाऊन मिठी मारावी असं त्यांना वाटलं, आणि कॅप्टनला मिठी मारावीशी वाटणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

बाहेर आले तर टेबल रिकामं. मधल्या वेळात रखवालदाराची पाळी बदलली होती. नवा रखवालदार अतिशय कामसू होता. टेबलावर बेवारस छत्री दिसताच त्याने नियमाप्रमाणे तिला नंबर दिला, चिठ्ठी लिहिली आणि तिला कपाटात लावून कुलूप घातलं. 'क्रमांक ४१३. काळी, मुठीला निळा दोरा, टेबल. मालक अज्ञात.'

"मालक मी आहे," दादा म्हणाले.

"इथे आल्यावर सगळे तेच म्हणतात," रखवालदार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, फक्त अनुभव होता. "नगरपालिकेचं पत्र आणा, लगेच काढून देतो."

भाऊ तावातावाने भांडले. आपण कोण, कुठल्या टेबलावर होतो, सगळं सांगितलं. तुटलेल्या बटणाच्या जागी एक हात धरून भांडत असल्यामुळे म्हणावा तसा प्रभाव पडला नाही. दादा काचेपाशी उभे होते. "तो दोरा तिने गुंडाळला होता," ते म्हणाले. "गर्दीत माझी छत्री ओळखू यावी म्हणून." एवढंच बोलले आणि चालायला लागले. वहिनी गेल्यानंतर दादांनी तिच्याबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य होतं.

घरी आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की भाऊंनी न सांगताच शर्ट बदलला. कॅप्टन खाली येऊन म्हणाले, "त्यात काय? तुमचंच ऑफिस. नुसतं तोंड दाखवा, काम होईल."

सोमवारी साडेदहाला भाऊंनी तोंड दाखवलं. त्यांच्या टेबलावर आता एक तरुण बाई होत्या.

"मी इथे एकतीस वर्षं होतो," भाऊ हसून म्हणाले.

"कुठे?"

"या खुर्चीत."

बाईंनी वळून खुर्चीकडे पाहिलं. "ही खुर्ची नवीन आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी गाऱ्हाणं मात्र नीट ऐकून घेतलं, कपाटातून नोंदवही काढली, आणि क्रमांक चाळीसच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. छत्र्या चारशे बारा. तुमची चारशे तेरावी. म्हणजे ती वहीत नाही. वहीत नाही ती छत्री संग्रहालयात असू शकत नाही. आणि संग्रहालयात नसलेली छत्री आम्ही परत कशी देणार?"

"अहो, पण ती तिथे आहे! काचेत! मी डोळ्यांनी पाहिली!"

"मग वही चुकीची आहे असं लेखी द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी मागच्या वर्षांच्या वह्या उघडल्या. चारशे बारा, चारशे बारा, चारशे बारा. पानामागून पान भाऊंचं मोत्यासारखं अक्षर. "पण मला नाही वाटत चूक असेल," बाई कौतुकाने म्हणाल्या. "किती सुंदर लिहिलंय हो! हल्ली असं कोणी लिहीत नाही."

भाऊंचा गोंधळ उडाला. एवढ्या वर्षांत त्यांच्या अक्षराची एवढी स्तुती कोणी केली नव्हती, आणि ती त्यांना एवढी कधी लागलीही नव्हती.

दादा शेजारी उभे होते. "तू मोजल्या होत्यास त्या?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"टेबल सोडून कसं..."

"घड्याळ पाहिलं होतंस? गल्ली? तो खलाशी?"

भाऊंनी मान हलवली. दादांनी एकदा त्या वह्यांच्या चळतीकडे पाहिलं, एकदा भावाकडे पाहिलं, आणि ते बाहेर निघून गेले. खोटं वजन सापडलं की दुकानदाराला ते असंच बघायचे, असं भाऊ ऐकून होते. आपल्यावर ती पाळी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यांनी कागद मागून घेतला. 'वरील सर्व नोंदी मी प्रत्यक्ष न बघता केल्या,' असं लिहायला घेतलं तर 'प्रत्यक्ष' चुकलं आणि ते खोडून पुन्हा लिहावं लागलं. आयुष्यातली पहिली खाडाखोड. खाली सही केली. दादांची छत्री परत मिळत असेल तर लोक काय म्हणायचं ते म्हणोत, असं त्यांनी मनाला बजावलं, आणि तरीही कानशिलं तापलीच.

"छान," बाई म्हणाल्या. "आता सगळ्या दोनशे चौदा वस्तूंची जागेवर जाऊन तपासणी होईल. अहवाल वर जाईल. तो खाली आला की छत्रीचं बघू."

बाहेर दादा फाटकाशी थांबले होते. भाऊ दिसताच ते पुढे चालायला लागले, भाऊ दहा पावलं मागून. कुठे जायचंय हे दोघांनाही माहीत नव्हतं. दादांना वाटत होतं, भाऊ मागून सांगेल. भाऊंना वाटत होतं, दादा मुद्दाम चाललाय. असं करत दोघे दीपगृहाजवळच्या बागेत पोचले. समोर रणरणत्या उन्हात समुद्र, आणि झाडांच्या सावलीत एक जुनी, लांबलचक, अर्धगोल दगडी बैठक. तिला पाठीशी डोक्याएवढी उंच भिंत होती. दादा एका टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड वळवून बसले. शेजारी बसायचा धीर होईना म्हणून भाऊ थेट दुसऱ्या टोकाला गेले.

बसून दोन मिनिटं झाली असतील, तोच कोणीतरी भाऊंच्या कानाशी बोललं.

"उद्या सकाळचीच गाडी गाठावी."

भाऊ दचकले. शेजारी कोणी नव्हतं. मागे भिंत. आवाज मात्र दादांचा, आणि दादा तर तिकडे तीस-पस्तीस फुटांवर पाठमोरे. ऊन लागलं, भाऊंनी ठरवलं. डोक्यावर रुमाल ठेवून ते पुन्हा टेकले.

"तू असतीस तर पहिल्या दिवशीच ओळखलं असतंस," आवाज म्हणाला. "अडचण होतेय गं त्यांना माझी. आल्यापासून घरात टेकू देत नाही मला. सकाळी उठवून बाहेर काढतो, संध्याकाळी आणून सोडतो. बघायला नेतो ते काहीच जागेवर नसतं. म्हणजे नुसतं बाहेर ठेवायचं. तोंडावर 'जा' म्हणवत नसेल. लहानपणापासून तसाच आहे. आणि मी मात्र त्याला ऑफिसात... जाऊ दे. उद्या निघतो मी."

भाऊंना आता खरोखरच घाम फुटला. दादा वहिनीशी बोलत होते! आणि मग त्यांना आठवलं. नोंद क्रमांक अठ्ठावन्न. 'अर्धगोल दगडी बाक, नग एक. एका टोकाला भिंतीशी पुटपुटलेलं दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू येतं. स्थिती : जैसे थे.' ही ओळ त्यांनी एकतीस वेळा लिहिली होती आणि एकदाही तिचा अर्थ मनात आला नव्हता. एरवी या शोधाने ते नाचले असते. आत्ता त्यांना फक्त एवढंच दिसत होतं, की आपला भाऊ उद्या जाणार, तेही आपल्याला तो नको आहे असं समजून.

ते उठले, पुन्हा बसले. तोंडासमोर जाऊन हे बोलणं त्यांना जन्मात जमलं नसतं. पण भिंत भिंतच असते. तिला चष्मा नसतो, ती रोखून बघत नाही. भाऊंनी दगडाला जवळजवळ नाक लावलं.

"दादा," ते पुटपुटले, "अडचण नाही रे. मागची खोली तुझ्यासाठीच रंगवलीय. पडदे हिने हाताने शिवलेत. तुला हे गाव आवडावं म्हणून फिरवत होतो, दुसरं काही नाही. तू त्या निवासात जाऊ नकोस. मला तू इथे हवा आहेस."

तिकडे दादांची पाठ ताठ झाली. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. दीपगृहाकडे पाहिलं. मग खाली वाकून दगड चाचपला. भाऊंच्या मनात आलं, आपण बोललो ते समुद्राकडे तर गेलं नाही?

"रंगाचा वास येत होता," शेवटी भिंत म्हणाली. "मला वाटलं, भाडेकरू येणार असेल."

"भाडेकरू कशाला येईल?"

"मग सांगायचं नाही का, गाढवा?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

दादांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. भाऊंनी तोंड वळवून समुद्राकडे बघितलं, कारण दादांचे डोळे आत्ता आपण पाहू नयेत हे त्यांना कळत होतं, आणि त्यांचे स्वतःचेही काही फार कोरडे नव्हते.

"माझी छत्री," थोड्या वेळाने दादांचा आवाज आला. तो आता पूर्वीसारखा निरीक्षकाचा झाला होता. "ती हातात पडल्याशिवाय मला काही हे गाव सोडता यायचं नाही."

"नाहीच सोडता यायचं," भाऊ म्हणाले.

"मग तुझ्या त्या अर्जाला किती दिवस लागतील?"

भाऊंनी डोळे मिटून सगळा प्रवास नजरेसमोर आणला. तपासणी, अहवाल, शेरा, खुलासा, खुलाशावरचा शेरा. "दहा वर्षं," ते म्हणाले. "मध्ये साहेब बदलले तर बारा."

"नक्की ना? नाहीतर तू न बघता बोलतोस."

"दादा," भाऊ भिंतीला आणखी थोडे बिलगले, "त्या टेबलावर मी एकतीस वर्षं बसलोय. एवढ्या बाबतीत तू माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेव."